तेवीस डावे खांदे

आमच्या ह्यांच्याविषयी बोलायला लागलं की लोकांचा आवाज बदलतो. एरवी खणखणीत बोलणारा माणूससुद्धा एकदम हळवा होऊन "काय ती जिद्द!" म्हणतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. अशा वेळी मला त्या माणसाला आठवडाभर आमच्या घरी ठेवून घ्यावंसं वाटतं. ओला टॉवेल पलंगावर टाकणं, गोष्ट सांगताना शेवट आधी सांगून मोकळं होणं आणि चष्मा स्वतःच्या कपाळावर असताना मला सगळं घर उलथंपालथं करायला लावणं, यात जिद्द नेमकी कुठं आहे ते त्यानं मला दाखवून द्यावं.

तर पाय. ह्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड आहे. दोन वर्षांचे असताना ताप आला, तो गेला, आणि जाताना पायातलं बळ घेऊन गेला. घरात त्या पायाला कुणी पाय म्हणत नसे. सासूबाई नुसतं "तो" म्हणायच्या. "त्याला तेल लावलंस का? त्याला गार फरशीवर ठेवू नकोस." मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन दिवस मला वाटत होतं, घरात आणखी एक दीर आहे आणि तो आजारी असल्यामुळे माझ्यासमोर येत नाही.

हे बुटांच्या दुकानात विक्रेते आहेत. उजवा पाय आठ नंबरचा, डावा सहा नंबरचा, त्यामुळे नवे बूट घ्यायचे म्हणजे दोन जोड फोडावे लागतात. दुकानाच्या माळ्यावर एका खोक्यात आठ नंबरचे डावे आणि सहा नंबरचे उजवे बूट साठत गेले आहेत. बरोबर उलट पायांचा एखादा माणूस कधीतरी दुकानाची पायरी चढेल अशी ह्यांना अजून आशा आहे. "कुठंतरी असेलच ना तो," हे म्हणतात. "त्याच्या पण माळ्यावर एक खोकं असेल."

कराटेत हे जिद्दीनं गेले असं पेपरात छापून आलं होतं. साफ खोटं. हे कराटेत गेले ते आळसानं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोराला व्यायामाच्या वर्गात घाला. तो वर्ग एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. सासूबाई नऊ वर्षांच्या ह्यांना हाताला धरून तिथवर घेऊन गेल्या, आणि हे खालच्याच पायरीवर फतकल मारून बसले. जिना चढणार नाही म्हणजे नाही. सासूबाईंनी आवाज चढवला, ह्यांनी त्यांच्यावर चढवला. तळमजल्यावरच्या दारातून एक माणूस बाहेर आला. तो दिवसा वायरमन होता आणि संध्याकाळी तिथं मुलांना कराटे शिकवायचा.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"जिना चढत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

तो ह्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काय रे, पडता येतं का?"

"रोज पडतो," हे म्हणाले.

"मग आत ये. ह्या बाकीच्यांना पडायला शिकवण्यातच माझे सहा महिने जातात."

सासूबाईंना वाटलं हाच डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, खालच्या मजल्यावरची शाखा. चार महिने त्या डॉक्टरांना "रोज नेमानं जातो हो" सांगत होत्या आणि डॉक्टर पाय दाबून बघत "छान, छान" म्हणत होते. आपलं पोर तिथं लाथा मारायला शिकतंय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. पण तोवर "त्याच्यात" थोडं बळ आलं होतं, म्हणून त्या गप्प बसल्या. पुढं वायरमन गुरुजींच्या घरी काही काम नसलं तरी त्यांच्या बायकोशी गप्पा मारायला जाऊ लागल्या.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कराटेच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. एक लढत, म्हणजे समोर माणूस असतो. दुसरा काता, म्हणजे समोर कुणीच नसतं, आणि ठरलेल्या क्रमानं, ठरलेली पावलं टाकत हवेतल्या शत्रूंना बडवायचं असतं. त्यात पंच फक्त बघतात. पाऊल सरळ पडलं का, कंबर वळली का, दोन्ही खांदे एका रेषेत राहिले का.

लढतीत हे सगळ्यांना भारी पडायचे, आणि त्याचं कारण तो पायच होता. डावं पाऊल पडलं की हे त्या अंगाला खाली जातात. ज्यानं आधी पाहिलेलं नाही त्याला वाटतं, गेला, पडला हा. पहिल्याच स्पर्धेत समोर एक चांगल्या घरचा मुलगा होता. हे कलले, आणि तो बिचारा "अरे अरे" करत दोन्ही हात पुढं करून सावरायला धावला. ह्यांनी त्याच्या बरगडीत ठोसा घातला. मग पंचांची अर्धा तास खलबतं चालली. मुलाचा बाप बाहेरून ओरडत होता. पडणाऱ्याला सावरू नये असा नियम नव्हता, आणि सावरायला आलेल्याला मारू नये असाही नव्हता. गुण ह्यांना मिळाला. पुढं लोकांना कळलं की हा माणूस पडत नाही, नुसता खाली जातो आणि वर येतो, पण वर कधी येईल ते कुणाला सांगता यायचं नाही. वेगळा गट वगैरे काही नाही, धडधाकट लोकांत तीन वर्षं लागोपाठ हे पहिले आले.

कात्यात मात्र कायम चौथे. सोळा वर्षं चौथे. पंचांचा आपल्यावर डूख आहे असं ह्यांचं ठाम मत होतं.

आमची गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे. मी तेव्हा एका लाँड्रीत मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसायचे. तुटलेली बटणं, उसवलेल्या शिवणी, तुरपाई, हे माझं काम. एकदा धुण्यात एक पांढरी कराटेची पाटलोण आली. बघते तर डावा पाय तीन बोटं आखूड. शिंप्याच्या डोळ्यांवर झापड होती की काय, असं म्हणत मी ती तुरपाई उसवली, आत दुमडलेलं कापड सोडलं, दोन्ही पाय समान करून झकास इस्त्री मारली. मालकांनी शाबासकीसुद्धा दिली. सोमवारी एक माणूस हनुवटीला पट्टी लावून आला आणि त्यानं ती पाटलोण टेबलावर आपटली.

"माझा पाय कुणी वाढवला?"

मी आतून बाहेर आले. "मी. चुकून आखूड झाला होता."

"चुकून आखूड झाला हे खरंय," तो म्हणाला, "पण ती दुरुस्ती तुमच्या हातची नव्हती."

अंतिम लढतीत स्वतःच्याच पाटलोणीवर पाय पडून हे तोंडघशी पडले होते, आणि समोरचा खेळाडू अनुभवी असल्यामुळे सावरायला आला नव्हता. मी टेबलावरून वाकून खाली पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून मी भांडले. "मग चिठ्ठी लावायची होती!" म्हटलं. पुढच्या खेपेपासून पाटलोणीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असायची. "डावा आखूड आहे. मालकही तसाच आहे. कृपया हात लावू नये." एकच पाटलोण असलेला माणूस ती आठवड्यातून दोनदा धुवायला टाकू लागला तेव्हा मला अंदाज आला. पाचव्या चिठ्ठीच्या मागं मी उत्तर लिहिलं.

असो. उजवा गुडघा कुरकुरायला लागल्यावर स्पर्धा सुटल्या आणि ह्यांनी शाळेच्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. तेवीस पोरं. शिकवण्याची पद्धत एकच. हे पुढं उभे राहणार, पोरांकडं पाठ करून, आणि म्हणणार, "बघा आणि करा." आरडाओरडा नाही, समजावणं नाही. वर्गात एक बाईमाणूस हजर पाहिजे असा शाळेचा आग्रह होता, म्हणून मी कोपऱ्यात खुर्ची टाकून शिवण घेऊन बसायचे. पंधरा वर्षं बसले. डोळे सुईत असले तरी काता पाठ झाला.

ह्यांची एक समजूत होती. चालताना आपण लंगडतो, कात्यात नाही. "काता सुरू झाला की तो दिसत नाही," असं हे पोरांना सांगायचे, त्यांच्या आईबापांना सांगायचे, दुकानात गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता सांगायचे. मला विचाराल तर तो दिसायचा, स्वच्छ दिसायचा. पण लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचा काता पाहिला तेव्हा हे घामानं निथळत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दिसला का?" त्यांचा तो चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मी म्हटलं, "नाही." आणि एकदा नाही म्हटलं की पुढची चोवीस वर्षं नाहीच म्हणावं लागतं. नंतर नंतर तर मला वाटायला लागलं की काता म्हणतात तो असाच असतो.

गेल्या वर्षी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. गोड बोलणाऱ्या. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की नव्या सत्रापासून सभागृह फक्त कराटे संघटनेची मान्यता असलेल्या वर्गालाच मिळेल, नाहीतर गिटारवाले मागतच आहेत. ह्यांनी "त्यात काय" म्हणून अर्ज भरला. मी मात्र रात्रंदिवस तोच विचार करत होते. वर्ग गेला तर हे घरातून दुकानात आणि दुकानातून घरात, एवढेच उरतील. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांशी वाकून बसणारा हा माणूस संध्याकाळी दोन तास ताठ उभा राहतो. ते दोन तास गेले तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

तपासणीला तिघं आले. दोन तरुण पंच, आणि त्यांच्या प्रमुख एक मोठ्या बाई, गळ्यात शिट्टी, कपाळावर कायमची आठी. ह्यांना त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची दिली. पोरं ओळीत उभी राहिली. आपला वर्ग समोरून कसा दिसतो ते हे पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

काता सुरू झाला. पहिलं डावं पाऊल पडलं आणि तेवीस डावे खांदे एकदम खाली गेले. मग वर आले. पुन्हा डावं पाऊल, पुन्हा सगळी रांग खाली. होडीत बसल्यासारखी ती पोरं हलत होती, आणि तोंडं इतकी गंभीर की बघणाऱ्यानं हसूसुद्धा नये.

मोठ्या बाईंनी शिट्टी फुंकली. "थांबा! गुरूंची नक्कल करता? लाज नाही वाटत? शिक्षक समोर बसलेत तुमचे!"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणाला काही कळेना. पुढच्या ओळीत एक सात वर्षांची आहे, समोरचे दात पडलेली, म्हणून तिला सगळे दातपडकी म्हणतात. तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागं हटणारी नव्हे.

"नक्कल नाहीये. हे असंच असतं," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सर करतात ना असं. बघा आणि करा."

मोठ्या बाई ह्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "तुम्ही एकदा करून दाखवता का?"

"नको," हे म्हणाले. "मी बघितलं आत्ता."

सुधारायला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

घरी मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. हे दारात उभे राहिले. "मी असा करतो?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"आणि तू मला..."

"हो," मी म्हटलं.

दोन दिवस ह्यांचा चष्मा कपाळावर होता, तरी तो शोधायलासुद्धा सांगितला नाही. मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "चौथा नंबर."

"काय?"

"सोळा वर्षं मी त्या पंचांच्या नावानं खडे फोडले. आणि ते बिचारे मला चौथा देत होते. म्हणजे वरून दोन-चार गुण टाकतच होते की." मग तोंडावर हात फिरवत थोडं हसले. मला हायसं वाटलं. दहा मिनिटांनी चष्म्यासाठी हाका सुरू झाल्या.

आता प्रश्न असा की सरळ दाखवायचं कुणी? मोठी मुलंही ह्यांच्याच हाताखाली तयार झालेली, सगळी डावीकडं खाली जाणारी. बाहेरचा शिक्षक आणला तर तो वर्ग त्याचा होणार. काता पाठ असलेलं आणि दोन्ही पाय समान असलेलं माणूस घरात एकच होतं, आणि ते एकोणपन्नास वर्षांचं होतं, आणि जिना चढल्यावर त्याला धाप लागत होती.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"पंधरा वर्षं बघतेस."

"मी सुईत बघत होते."

"मग परवा वर्गात 'उलटा वळलास रे' म्हणून कुणाला ओरडलीस?"

झालं. मी स्वतःसाठी पांढरा पोशाख शिवला. पाटलोण कापताना हात सवयीनं डावा पाय तीन बोटं आखूड कापायला निघाला, त्याला दोनदा आवरावं लागलं. रोज सकाळी टेबल भिंतीला लावून मी खोलीच्या मधोमध उभी राहायचे, आणि हे पलंगावर बसून दुकानातला, बूट चढवायचा लांब दांड्याचा शू-हॉर्न छडीसारखा हलवत सूचना द्यायचे.

"कंबर वळव."

"असती तर वळवली असती."

"पाऊल सरळ. अंगठा पुढं. टाच आधी नाही."

खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की फर्निचर हलवताय का. मी म्हटलं, हो, आणि ते फर्निचर आता कायम हलणार आहे. ह्यांची नजर सगळा वेळ माझ्या पावलांवर असायची. बुटांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाची नजर घोट्याच्या वर जातच नाही.

वर्गात मी पुढं, पोरांकडं पाठ करून. हे समोर खुर्चीवर, पोरांवर नजर ठेवून. पोरं पहिल्या आठवड्यात खिदळली, मग लागली कामाला. महिनाभरात पावलं सुधारली. गुडघे सरळ झाले. खांदा मात्र पूर्ण जाईना. डाव्या पावलाला तो किंचित खाली उतरायचाच.

"खांदा!" हे ओरडायचे. कधी न ओरडणारा माणूस ओरडायला लागला. "खांदा कुठं जातोय?"

"काकू करतात तसंच करतोय, सर," पोरं म्हणायची.

"काकूंचं बरोबर आहे. तुमच्या अंगातलं जुनं गेलेलं नाही अजून. पुन्हा!"

मीही मान डोलावत पुन्हा सुरुवात करायचे. माझं बरोबरच होतं ना. माझे पाय कुणीही मोजून घ्यावेत.

मुदत संपली. तेच तिघं आले. नियम असा की आधी शिक्षकानं किंवा त्याच्या सहायकानं काता करून दाखवायचा, मग मुलांनी. सहायक म्हणून माझं नाव होतं. मी पाटलोणीची नाडी दोनदा आवळली आणि पुढं झाले. एकदा सुरुवात झाल्यावर अंग आपोआप चालत राहिलं. मी एकही पाऊल चुकले नाही, एकाही वळणाला अडखळले नाही, आणि शेवटचा ठोसा तर असा बसला की मलाच वाटलं, उगाच आयुष्यभर बटणं लावत बसले. संपवून वाकून नमस्कार केला. तिन्ही पंच डोळे विस्फारून माझ्याकडं बघत होते. लोक भारावले असणार असं मी समजले.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमच्या पायाला काय झालंय?"

"माझ्या? काही नाही."

"इथून त्या दारापर्यंत चालून दाखवा बरं."

मी चालून दाखवलं. परत या म्हणाल्या, परत आले. दोघं तरुण पंच खुर्चीतून उठले होते. मोठ्या बाईंनी मला जमिनीवर पाय लांब करून बसवलं आणि पिशवीतून टेप काढला.

"टेप असा नाही धरत," मी म्हटलं. "वळतो तो. मग माप खोटं येतं." शेवटी मीच तो नीट धरून दिला. दोन्ही पाय समान निघाले, सुताचाही फरक नाही.

"मग झुकता कशाला?" बाई म्हणाल्या.

"कोण झुकतं?" माझा पारा चढायला लागला होता.

"काकू, तुम्ही सरांसारख्याच झुकता," दातपडकी म्हणाली. "म्हणूनच तर सरांनी तुम्हाला घेतलं ना?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे माझ्याकडं बघत होते. पायांकडं नाही. डोक्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून खाली आणि पुन्हा वर, जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारखे. मग त्यांच्या तोंडातून हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं. खुर्ची हलायला लागली. डोळ्यांतून पाणी. ते बघून पोरं हसायला लागली. मला आधी भयंकर राग आला, आणि रागाच्या भरात मी ह्यांच्याकडं तरातरा चालत निघाले, आणि मधेच मला माझं मलाच जाणवलं. डावं पाऊल, खाली. डावं पाऊल, खाली.

कारण मला तिथंच उमगलं. मी नेहमी ह्यांच्या डाव्या बाजूनं चालते. ह्यांना चालताना बोलायची सवय. डावं पाऊल पडलं की हे खाली जातात आणि त्यांच्याबरोबर अर्धं वाक्यही खाली जातं. ते ऐकायला मीही जाते. चोवीस वर्षं जातेय. सकाळी दुकानापर्यंत, संध्याकाळी वर्गापर्यंत, आणि दोन्ही वेळा परत.

हे मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांच्या कपाळावरची आठी जागेवरून थोडी हलली. "ते सगळं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण आता मी करू काय? एक पोरगा झुकला तर मी चूक म्हणून गुण कापते. इथं तर सगळा गाव झुकतोय."

धाकटा पंच मघापासून फायलीत डोकं घालून बसला होता. "बाई, एक नियम आहे. एका विद्यार्थ्यानं केलं तर ती चूक. सगळ्या विद्यार्थ्यांनी आणि शिकवणाऱ्यानं एकसारखं केलं तर ती शैली. शैलीचे गुण कापता येत नाहीत. फक्त नोंद करायची."

बाईंनी तो नियम दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग पोरांचा काता बघितला. एकसारखेपणाला दहापैकी दहा द्यावे लागले. दुसरं काही देता येण्यासारखंच नव्हतं. मग लढती झाल्या, आणि बाईंनी बरोबर आणलेला एक उंच मुलगा आमच्या दातपडकीला सावरायला दोन्ही हात पुढं करून आला. त्यानंतर फार काही बोलायची वेळ आली नाही. बेरीज केली तर लागतात त्यापेक्षा एक गुण जास्त भरला.

"शैलीच्या रकान्यात काय लिहू?" बाईंनी ह्यांना विचारलं. "काहीतरी नाव पाहिजे."

ह्यांनी डोळे पुसले. "लिहा, घरगुती."

बाईंनी लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. जाताना म्हणाल्या, "कात्यात तुमची पोरं कधी बक्षीस घेणार नाहीत, सांगून ठेवते."

"चौथी येतील," हे म्हणाले. "चौथा नंबर वाईट नसतो."

पोरं गेली, खुर्च्या लावल्या, मुख्याध्यापिकांच्या टेबलावर तो कागद ठेवला आणि आम्ही घरी निघालो. ऊन अजून होतं. हे सवयीप्रमाणे बोलत होते, मी सवयीप्रमाणे डावीकडून चालत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा खांदा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते, त्यामुळे मला अर्धंच ऐकू येत होतं. कोपऱ्यावर हे थांबले.

"तू असं कर. उद्यापासून माझ्या उजव्या बाजूनं चाल. तिकडं मी कलत नाही. हळूहळू सरळ होशील."

"आणि ऐकू कसं येणार?"

"मोठ्यानं बोलेन."

"चोवीस वर्षांत बसलेलं वळण आहे," मी म्हटलं. "जायला चोवीस वर्षं तरी लागतील."

"मग?" हे म्हणाले. "तुला कुठं जायचंय?"